पट्टा लावणारे परब

आमच्या मजल्यावर दिवाळीचा कंदील टांगायला परबमामा स्टुलावर चढले, तेव्हा त्यांनी खांद्यांना, कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले होते आणि त्या पट्ट्यांची दोरी हुकाने खिडकीच्या गजात अडकवली होती. स्टूल गुडघ्याएवढं. भोईवाड्यातली आमची अख्खी चाळ गॅलरीत जमली.

"मामा, स्टुलावरून पडून कोण मरतो?"

"मरूचो नाय कोण. पण तुमी आत्ताच इतके हसतास, मी पडलंय तर काय करशात?"

आणि मामांनी निवांतपणे कंदील टांगला.

संपाआधी मामा गिरणीत तेलवाले होते. शिडीवर चढून छताजवळच्या चाकांना तेल पाजायचं, हे काम. संपात गिरणीचं फाटक बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. मग दोरीला लोंबकळत त्यांनी इमारतींच्या भिंती रंगवल्या. पुढे गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उठले. त्या काचा पुसायला बूमलिफ्ट आल्या. गाडीवर एक लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बास्केट. ही मशिनं चालवायला शिकवणारं एक मैदान वडाळ्याला निघालं. मी तिथे कारकून होतो. मामांना मीच तिथे शिकवायला चिकटवलं.

पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "नवीन पट्टेवाले काय?"

"पट्टेवालो नाय," मामा म्हणाले, "पट्टो लावणारो!"

वर्गात फळा होता, खडू होता. मामांनी दोन्हींना कधी हात लावला नाही. त्यांचा सगळा अभ्यासक्रम एका ओळीत मावायचा: "आधी हूक, मग भूक." बास्केटमध्ये पाय ठेवला की पहिलं काम हूक अडकवायचं, बाकी दुनिया नंतर. उत्तरेकडच्या पोरांसाठी हीच ओळ हिंदीत: "पैले हूक, फिर भूक." भाषांतर करायला तसा वावच नव्हता.

प्रात्यक्षिकाला वाळूचं एक पोतं होतं. त्याला मामांनी आपला जुना शर्ट घातला होता आणि नाव ठेवलं होतं 'साहेब'. कारण विचारलं तर म्हणायचे, "वजन हा, काम नाय." साहेबांना बिनहुकाचं बास्केटमध्ये उभं करायचं आणि गाडीचं चाक मुद्दाम खड्ड्यात घालायचं. खाली चाकाला वीतभर धक्का बसला की वर बास्केट अशी उसळायची, की साहेब गोफणीतल्या दगडासारखे सुटायचे. एकदा खरे साहेब पाहणीला आले आणि त्याच वेळी मैदानातून आरोळी उठली, "साहेब पडले रेऽ!" खरे साहेब बिचारे आपले कपडे चाचपत राहिले.

तर या मैदानात वरळी कोळीवाड्याचा भगवान आला. लहानपणापासून होडीच्या डोलकाठीवर चढलेला गडी. मशीन असं चालवायचा की लोणी. पण हूक लावायला कमीपणा वाटायचा. परीक्षेच्या दिवशी बास्केटमध्ये शिरला आणि सरळ बटणाला हात घातला. मामांनी खालूनच मशीन बंद केलं.

"नापास. उतर."

"मामा, सोमवारी टॉवरवर कामाला लागायचंय! दुसरा माणूस घेतील ते."

"घेवंदेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानची बायको, हिरा, आमच्या चाळीत हजर. हातात सुरमई, चकाकती, ताजी. मामांना विकत घ्यायला मासा पुरतो, असं चाळीचं ठाम मत होतं. मामांनी सुरमईकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की मला वाटलं भगवान पास!

"ही परत घेवन जा," मामा सुरमईकडे पाठ फिरवून म्हणाले. "आणि घोवाक सांग, आधी हूक."

हिराने मासा दारात ठेवला आणि पदर खोचला. "मग मला शिकवा. घरी मी बघते त्याच्याकडे."

मामांनी तिथल्या तिथे पट्टा काढला. नऊवारीवर तो असा चपखल बसला, की जणू कोळणींसाठीच शिवलाय. बक्कल कुठलं आधी, दोरी किती ढिली, सगळं तिने दोनदा करून दाखवलं आणि सुरमईबरोबर पट्टाही घेऊन गेली.

रविवारी सुट्टी असूनही मामांनी भगवानच्या फेरपरीक्षेसाठी मैदान उघडायला लावलं. भगवान आला तो वैतागून. "मामा, ही बाई हूक लावल्याशिवाय चहा देत नाय! खिडकीला बांधून घेऊन जेवतोय मी!"

मामांचा चेहरा असा फुलला, की सुरमईचं दुःख कुठच्या कुठे गेलं.

भगवानने बास्केटमध्ये पाय ठेवला, हूक अडकवला, ओढून पाहिला. मग लोखंडी हात हळूहळू उंच होत गेला. भगवान वर लहान लहान होत गेला. हिरा कुंपणाशी उभी राहून बघत होती. मी सहज मामांकडे वळलो. बास्केटखाली कोणी जाऊ नये म्हणून आखलेल्या रेषेच्या अगदी कडेला, बाहेर ते उभे होते, मान वर, आणि दोन्ही हात पुढे पसरलेले. झाडावर चढलेल्या पोराखाली बाप उभा राहतो, तसे.

"मामा, एवढ्या उंचीवरून पडला तर काय झेलणार तुम्ही?"

त्यांनी हात झटकन खाली घेतले.

"झेलूक जमाचा नाय, ह्या माका ठावक हा," ते म्हणाले. "माझो धाकटो भाव, वसंता. रंगाच्या दोरीवरसून पडलो, तेवा मी बाजूच्या दोरीर होतंय. खाली कोणच नाय होतो."

वर भगवानने बास्केट लांब दिसणाऱ्या टॉवरच्या दिशेने वळवली. मामा दोन पावलं सरकले आणि त्यांचे हात पुन्हा पुढे झाले.