लुंबिनीच्या वाढदिवसाची स्थळनिश्चिती

माणूस जन्माला एकटा येतो. त्याचा वाढदिवस मात्र कार्यालयाच्या मालकीचा असतो. गुरुग्राममध्ये हे तत्त्व इतकं रुजलं आहे की तिथल्या एका कंपनीत वाढदिवसाच्या जेवणाची जागा ठरवायला समितीच आहे. समितीचं काम चोख. ज्याचा वाढदिवस, त्याला मत नसतं (हितसंबंध गुंतलेले असतात). जागेत उजेड हवा, पण मंद. भिंतीवर फोटोपुरती वेल हवी (प्लास्टिकची चालेल, खरी वाळते). आणि जागा सगळ्यांनाच सारखी गैरसोयीची हवी, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही. अन्नाबद्दल नियम नाही. गेल्या वर्षी नव्वद टक्के जेवणं फोटो होईपर्यंत थंड झाली. उरलेलं दहा टक्के आइस्क्रीम होतं, ते कोमट झालं.

लुंबिनी या कंपनीत काम करते आणि दिल्लीत आर. के. पुरमला आईवडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. वडील नुकतेच रिटायर झाले. महिनाअखेरीस क्वार्टर सोडून दोघं वर्ध्याला परतणार, लुंबिनी पीजीत जाणार. म्हणून तिने समितीला सुचवलं, की यंदाचं जेवण घरीच करू. तिची आई, रमाबाई, या मंडळींना नावाने ओळखत होत्या, चेहऱ्याने नाही. दिल्ली सुटण्याआधी एकदा सगळ्यांना समोर बसवून पाटवडीचा रस्सा वाढायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

समितीचा अध्यक्ष कौस्तुभ (राहणार दिल्लीतलीच द्वारका, स्वभावाने न्यायी) म्हणाला, "आयडिया स्वीट आहे, यार. पण रिव्ह्यूज?"

"रिव्ह्यूज कुठले? बाबा रोज जेवतात."

"एकच माणूस. सॅम्पल छोटं आहे."

घराची रीतसर तपासणी झाली (फोटोवरून). आढळलेल्या त्रुटी: ट्यूबलाइट, पदार्थांना पर्याय नाही, आणि वाढणारी बाई नको म्हटलं तरी वाढते. पण समिती निष्ठुर नव्हती. लुंबिनीच्या भावनांचा आदर राखून समितीने घरगुती जेवणासाठी नावाजलेलं एक हॉटेल ठरवलं. तिथे स्टीलची ताटं होती. ट्यूबलाइटही होती, पण ती डिझायनरने लावलेली. शिवाय सुती साडीतली एक पगारी आई होती, सरला नावाची. ती दर टेबलाशी दोनदा येऊन "एक और ले ले, बेटा" म्हणे. (तिसऱ्यांदा आग्रह केल्यास ग्राहक दबून जातो, असा व्यवस्थापनाचा अनुभव आहे.)

रमाबाईंनाही बोलावणं होतं. त्या डबा घेऊन आल्या. दारात गार्डने अडवलं.

"आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"बाहर का नहीं, भैया. घर का है."

"वही तो."

डबा दारात ठेवून घेण्यात आला आणि बदल्यात टोकन मिळालं.

आत सरलाने कौस्तुभच्या ताटात फुलका वाढला, तसे त्याचे डोळे भरून आले. "मम्मीची आठवण आली यार," तो म्हणाला. (मम्मी द्वारकेला त्याचं ताट झाकून बसली होती.) रमाबाई टोकाच्या खुर्चीवर बसून एकेका चेहऱ्याला नाव लावत होत्या.

"तू कौस्तुभ ना? तुला तिखट सोसत नाही. तुझा रस्सा वेगळा काढून आणला होता बाळा."

"सो स्वीट, आंटी. जरा बाजूला सरकता? फ्रेममध्ये मां हवीय."

रमाबाई सरकल्या. फोटो उत्तम आला.

सरला जाता जाता त्यांच्यापाशी थांबली. "दीदी, आपने कुछ लिया नहीं."

"तुम कब खाती हो?"

"सबके बाद. जो बचे."

रमाबाईंनी टोकन तिच्या हातावर ठेवलं. "दरवाजे पे डब्बा है. अभी गरम है."

केकची सुरी आली तेव्हा लुंबिनी जागेवर नव्हती. ती मागच्या जिन्यात, सरला आणि गार्डच्या मधल्या पायरीवर बसून रस्सा ओरपत होती. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि आई नको म्हटलं तरी वाढत होती. समितीने केक आपला आपण कापून घेतला. कार्यक्रमात खंड पडला नाही.

ही हकिगत मी बऱ्याच सहृदय मंडळींना सांगितली आहे. सगळे हेलावतात, आणि मग घसा साफ करून त्या हॉटेलचं नाव विचारतात. तुम्हीही संकोच करू नका. शनिवारी मात्र टेबल आधीच राखून ठेवावं लागतं.