दुपारी फोन बंद राहील

"नवा फोन? मी जिवंत असेपर्यंत या घरात येणार नाही!" हिंमतरावांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या जुन्या फोनच्या पडद्यावर अर्धंच जग दिसत होतं. पण फोन मोठा गुणी. झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने, बाकी सगळं एका स्क्रूड्रायव्हरने. बायकोचा, विमलाबाईंचाही तोच फोन, तोच काळा रंग. शिवाय सुट्ट्या भागांसाठी हिंमतरावांनी जुन्या बाजारातून तसलाच एक मेलेला फोन आणून फ्रिजवर ठेवला होता.

त्या दिवशी घाई होती. जर्मनीतली लेक रुपाली चार वाजता पहिल्यांदाच बाळ दाखवणार होती, तेही आईच्या फोनवर.

"म्हणजे नात मी बायकोच्या खांद्यावरून बघायची? आजोबा आहे मी, शेजारी नाही!"

विमलाबाई आडव्या झाल्या तसा हिंमतरावांनी फ्रिजवरचा फोन उचलला. बटण दाबून पाहिलं. काळाठिक्कर! पडदा चिवट निघाला. मेलेल्याला काय दुखणार, म्हणून त्यांनी पक्कड लावली. दाढ काढताना जबडा हाती यावा तसा मदरबोर्डचा तुकडाही आला! आत चक्क सिम निघालं. "काय निष्काळजी असतात लोक!" परक्याच्या नंबरचा गैरवापर नको, म्हणून त्यांनी ते कात्रीने उभं कापलं. मग आडवंही.

पडदा बसला. हिंमतरावांचा फोन लखलखला!

चारच्या सुमारास विमलाबाई उठून आल्या. "अहो, फ्रिजवरचा माझा फोन कुठंय?"

"तुझा? तिथे मेलेला होता!"

"मेलेला मी सकाळीच ड्रॉवरमध्ये टाकला. दुपारी झोपताना मी फोन बंद करते, हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे!"

टेबलावर उघडाबोडका फोन होता आणि शेजारी सिमचे चार तुकडे! तेवढ्यात त्यांच्याच फोनवर रुपाली उगवली.

"बाबा, आईचा फोन का लागत नाहीये?"

विमलाबाईंनी फोन काढून घेतला. "अगंबाई! नाक अगदी आपल्याकडचं!"

"मला दिसत नाहीये," हिंमतराव त्यांच्या खांद्यावरून वाकत म्हणाले.

"आई, बाबा कुठे गेले?"

"आहेत. कात्री घेऊन उभे आहेत."

संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात पोऱ्या नव्हे, खुद्द मालक पुढे आला. "काका, कसा फोन दाखवू?"

हिंमतरावांनी तोंड उघडायच्या आत विमलाबाई म्हणाल्या, "यांना उघडता येणार नाही, असा."