रेवणप्पांच्या मिशीवर बाळ

उज्वलाला बघायला चाकूरहून पाहुणे यायचे होते. ही सोयरीक काहीही करून जमवायचीच, असं घरात ठरलेलं. पण तिची भावजय शिल्पा, तिचा जीव वरच्या खोलीतल्या पाळण्यात अडकलेला. तिथं तिचं तान्हं झोपलं होतं. नवऱ्यानं, हरिओमनं, तोड काढली. पाळण्यावर कॅमेरा लावला आणि लातूरच्या एका दुकानातून दोन स्मार्ट चष्मे बघायला म्हणून आणले.

"खाली चहा दे अन् काचेत लेकरू बघ!"

पहिल्यातलं चित्र इतकं झकास की बाळाच्या पापण्या मोजाव्यात. वजन मात्र वरवंट्याचं. मुलाचे वडील रेवणप्पा यांच्या पाया पडायला शिल्पा वाकली आणि चष्मा थेट त्यांच्या अंगठ्यावर आदळला.

"आयो! आशीर्वाद पाहिजे का अंगठा?"

हरिओमनं गुपचूप दुसरा दिला. "लई हलका हाय. घातलेला कळणार बी न्हाई."

कळत नव्हतंच, पण दिसतही नव्हतं. बैठकीत ऊन भरलेलं. त्या उजेडात चित्र ताकासारखं पातळ झालं. काळ्यावर नजर धरली तरच दिसे. पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्या, बायकांचे डोक्यावर पदर, भिंती चुन्याच्या. समोर काळं म्हणावं असं एकच, रेवणप्पांची ताजा कलप लावलेली मिशी.

तेवढ्यात "बोलून घ्या जरा" म्हणून उज्वलाला आणि नवऱ्या मुलाला, विरूपाक्षला, वर पाठवलं. शिल्पा मिशीवर नजर लावून बसली. बाळ झोपेत हसलं, शिल्पाही गोड हसली. रेवणप्पांनी मिशीला पीळ दिला. बाळानं ओठांचा चंबू केला. शिल्पानंही केला.

मुलाच्या आईनं, पार्वतीबाईंनी, बशी आदळली. "उठा ओ! असल्या घरात सोयरीक करायची न्हाई मला. ह्यांची सून तुमच्याकडं बघून राहिली, अन् तुम्ही पीळ देऊन राहिले!"

शिल्पाच्या सासूबाईंचा चेहरा पडला. शिल्पानं धावत जाऊन चष्मा पार्वतीबाईंच्या नाकावर चढवला. "काकू, आईशप्पथ, माझं लेकरू बघत होते. तुम्हीच बघा मिशीत!"

पार्वतीबाईंनी नवऱ्याच्या मिशीत डोळे खुपसले.

"अगं बया! आपला विरू हाय की हितं! लेकराचं दुपटं बदलून राहिलाय. अन् उज्वला बघा, नुसती खिदळतीय! अहो, हलू नका. तुम्ही बदललं का कधी एकाचं तरी?"

मग चष्मा सासूबाईंनी मागितला, मग हरिओमनं. सगळे मिशीसमोर दाटीवाटीनं बसले. तिथूनच पार्वतीबाई म्हणाल्या, "साखरपुडा कधी धरायचा?"

"मला बी बघू द्या की," रेवणप्पा ओठ न हलवता म्हणाले. चष्मा घालून त्यांनी चारी भिंती धुंडाळल्या. काही दिसेना.

"हरिओम," ते हळूच म्हणाले, "आरसा आण बरं."