मडिवाळप्पांचा आग्रह

मडिवाळप्पांनी प्रणेशच्या ताटात पुरणाची आणखी एक होळगी टाकली आणि तिच्यावर तुपाची वाटीच उपडी केली.

“काका, बस झालं. पोट फुटायलंय.”

“खा की रे. इंटरव्ह्यूला उपाशी बसतात व्हय?”

मडिवाळप्पांच्या घरी ताटावरून कुणी सुखासुखी उठत नाही, हे बीदरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे शंका कुणाला येणार? एका नामांकित खासगी विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती जिल्ह्यातून एकालाच मिळणार होती आणि शेवटी दोघंच उरले होते. एक मडिवाळप्पांची मल्लेश्वरी, दुसरा शेजारच्या नरहरराव मास्तरांचा हा प्रणेश. मुलाखती घरूनच, कॉम्प्युटरवर. आधी प्रणेशची, मग मल्लेश्वरीची.

“आता इंटरव्ह्यूत बोलता बोलता घोरतंय बघ,” प्रणेश गेल्यावर मडिवाळप्पा बायकोला म्हणाले.

“कामून असं करायलाव? लेकरू हाय ते,” जगदेवी म्हणाल्या.

“मी काय इख दिलंय? पुरण दिलंय.”

दोन्ही अंगणांमध्ये एकच बुटकी भिंत. मास्तरांचं इंटरनेट मडिवाळप्पा वापरत, आणि वीज गेली की मडिवाळप्पांच्या इन्व्हर्टरची वायर भिंतीवरून जाऊन मास्तरांचं घर उजळवी. इतकी वर्षं सुखानं चाललं होतं. पण प्रणेशची वेळ झाली आणि नेमकी वीज गेली. देवानंच हात दिला, असं मडिवाळप्पांना वाटलं. त्यांनी हळूच इन्व्हर्टरचं बटण खाली केलं. विचारलंच कुणी, तर बॅटरीतलं पाणी संपलं म्हणून सांगायचं.

पलीकडून हाक आली. ती प्रणेशची नव्हती.

“अप्पा, करंट गेला. माझा इंटरव्ह्यू मधातच तुटला!”

मडिवाळप्पांनी लेकीचा आवाज ओळखला. धावत मास्तरांकडे गेले, तर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यापुढे मल्लेश्वरी बसलेली आणि मागच्या खाटेवर प्रणेश पालथा, गाढ झोपेत.

“तू इथं काय करायलीस?”

“त्याचे डोळे उघडंनात. मग विद्यापीठाला विचारून आम्ही वेळ बदलून घेतली. आपल्या घरी नेट मधी मधी अडकतंय, म्हणून इथं बसले. इन्व्हर्टरचं बटण बघा की जरा.”

मडिवाळप्पा सुटले ते वाऱ्यासारखे. जवळची वाट म्हणून भिंतीवर चढले, तर लुंगी वायरीत अडकली आणि ते खाली आले ते वायर घेऊनच. मास्तर शिडी शोधेपर्यंत वीज परत आली. पण तोवर मल्लेश्वरीची वेळ संपली होती. गाढ झोपून उठलेला प्रणेश तोंड धुऊन पडद्यापुढे बसला आणि घडाघडा बोलला.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन तो आला आणि मडिवाळप्पांच्या पाया पडला.

“काका, तुमच्यामुळं झालं. आठवडाभर धास्तीनं डोळा लागला नव्हता. तुमच्या होळगीनं झोप लागली अन् डोकं मोकळं झालं.”

मडिवाळप्पांनी पेढा तोंडात न घालता तसाच हातात धरला. रडू फुटायचंच बाकी होतं. प्रणेश गेल्यावर ते लेकीकडे न बघता म्हणाले, “मल्लू, त्या दिवशी बॅटरीत पाणी नव्हतं गं.”

“पाणी काठोकाठ हाय, मी बघितलंय,” मल्लेश्वरी म्हणाली. “सोमवारी दुसऱ्या विद्यापीठाचा इंटरव्ह्यू हाय. प्रणेशनंबी तिथं अर्ज केलाय.”

मडिवाळप्पा मान खाली घालून बसले. “मग मी काय करू?”

“बटणाला हात लावू नका. आन् आदल्या रात्री होळगी मला वाढा.”