द्रौपदाच्या डब्यातली फॅट

"दाजी, जगात दोन प्रकारची माणसं असतात," सोपानरावांनी रिकामा तांब्या खाली ठेवत सांगितलं. "एकाला दिसतं, दुसऱ्याला कळतं. मला दोन्ही होतं. पिंपरीत कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी हयात काढली मी. गाडीची डिकी उघडली की मालकाचा स्वभाव सांगायचो. मोठेमोठे साहेब मला बघून घाम पुसायचे, घाम!"

साहेब घाम पुसायचे हे खरं होतं. कारण सोपानराव गेट उघडायला विसरायचे आणि गाड्या उन्हात उभ्या राहायच्या. हौशीरामला हे पिंपरीतल्याच एकाने सांगितलं होतं. पण बायकोच्या थोरल्या भावाला असल्या गोष्टी तोंडावर सांगायची सोय नसते. हौशीराम नुसताच म्हणाला, "व्हय व्हय."

सोपानराव मूळचे लोणीचे. नोकरी संपली, मग अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि "चार दिवस हवापालट" म्हणून ते निरगुडसरला बहिणीकडे, द्रौपदाकडे आले. ते चार दिवस कधीच मावळले होते. हवा पालटली, पाव्हणा काही पालटला नाही.

आता एवढ्यावर भागलं असतं तर हौशीरामची तक्रार नव्हती. पण त्याच सुमारास द्रौपदाच्या डब्यातल्या दुधाची फॅट उतरली. घरात एकच जर्सी गाय, चंद्री. तिचं दूध सकाळ-संध्याकाळ गावच्या संकलन केंद्रावर जायचं, त्यावर घर चालायचं. केंद्राचे सचिव सोमाजी भले गृहस्थ, पण फॅट मोजणाऱ्या मशीनपुढे त्यांचाही इलाज नव्हता.

"वहिनी, गायीच्या दुधाला फॅट तीन पॉइंट दोन पायजे, कायदाच हाय तसा," ते म्हणाले. "तुमची त्याच्याबी खाली आली. वरनं तंबी आलीय. शनिवारपातुर वर आली न्हाई, तर तुमचा डबा घ्यायचा न्हाई म्हणत्यात."

रांगेत मागून कुणीतरी "पाणी" म्हणून खाकरलं. द्रौपदाने डोक्यावरचा पदर नीट केला, डबा उचलला आणि ती घरी आली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

सोपानरावांच्या मात्र अंगात वारं भरलं. "केस माझी!" त्यांनी जाहीर केलं आणि पिशवीतून टॉर्च काढला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"दाजी, तुम्ही माझे असिस्टंट."

"मंजी काय करायचं?"

"टॉर्च धरायचा आणि मी बोललो की थक्क व्हायचं."

त्यांनी मोबाइलवर अन्नसुरक्षेचे नियम उघडले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांना ऐकवले. म्हशीच्या दुधाला वेगळं प्रमाण, गायीच्या दुधाला वेगळं. सोयाबीनचं पाणी दूध म्हणून विकायचं नाही. पाकिटावर तारीख पाहिजे, शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहिजे. ऐकून हौशीरामची म्हातारी आई कुशाबाई म्हणाली, "गायीच्या कपाळाला ठिपका लावू नगा म्हंजी झालं."

गायीला नाही, पण डब्याला त्यांनी लेबल चिकटवलंच. 'गायीचे दूध. उत्पादक: चंद्री. थंड व कोरड्या जागी ठेवा.' केंद्रावर लोक हसून हसून वाकले. त्यात "पाणी" म्हणणारेही होते, म्हणून हौशीरामला ते हसणं जिव्हारी लागलं.

पहिला संशय पाण्यावरच होता. सोपानराव पहाटे गोठ्यातल्या नळाशी दबा धरून बसले आणि तिथेच झोपले. सोमाजींनी मग तो धागाच तोडला. "पाव्हणं, पाणी घातलं असतं तर एसएनएफबी उतरलं असतं, मंजी फॅट सोडून दुधातला बाकीचा ऐवज. ते हाय तिथंच हाय. फकस्त फॅट गेलीय. दुधातली मलई कुणीतरी खातंय बघा."

"हेच म्हणणार होतो मी," सोपानराव म्हणाले. घरी येताना त्यांची चालच बदलली. "दाजी, आपण मलई खाणारा शोधतोय. त्याच्या अंगावर तेज असणार. गाल वर आलेले असणार. आणि मुख्य म्हणजे त्याच्या मिशीला साय लागलेली असणार!"

हौशीरामने त्यांच्याकडे पाहिलं. सोपानरावांच्या मिशीला सकाळच्या दुधाचा पांढरा फेस वाळून बसला होता. हौशीरामने आपल्या ओठावरून बोट फिरवून खूण केली.

"ओठावर बोट? बरोबर," सोपानराव कुजबुजले. "गुप्तता पाहिजेच."

शेजारच्या बहिरूला मिशा होत्या, म्हणून तो संशयित झाला. बहिरूला दूधच पचत नाही असं निघालं. मग मांजरावर पाळत बसली. मांजर एवढं वाळलेलं होतं की सोपानरावांनाच त्याची दया आली आणि त्यांनी त्याला भाकरी घातली. मग परदेशी कटाची पाळी आली.

"चीनच्या दुधाला आपल्याकडं बंदी आहे, ठाऊक आहे का? आयातच करता येत नाही. पण चोरट्या वाटेनं पावडर आली तर? घरात चिनी वस्तू शोधा!"

अख्खं घर धुंडाळून एकच चिनी वस्तू सापडली. ती हौशीरामच्या हातात होती आणि ते तिच्याच उजेडात शोधत होते.

गुरुवार उजाडायला आला आणि द्रौपदाची झोप उडाली. हौशीराम तिला म्हणाला, "सरकी वाढवू का? पेंड बदलू?" ती म्हणाली, "ऱ्हाऊंद्या वो. हुईल आपोआप." एवढंच बोलून ती गोठ्यात गेली. हिला काहीतरी ठाऊक आहे असं हौशीरामला उगाच वाटून गेलं.

सोपानराव त्याच दिवशी दुपारच्या एसटीने ओतूरला गेले. तिथे त्यांचा जुना सहकारी दुकान चालवायचा. त्याच्याकडची दूध पावडरची पाकिटं तपासून, मुक्काम करून ते शुक्रवारी दुपारी परतले, तर हौशीराम वेशीवरच उभा.

"पाव्हणं, फॅट वर आली! काल सांच्यालाबी आन् आज सकाळीबी! तीन पॉइंट सहा!"

सोपानराव जागीच थबकले. डोळे बारीक केले. "म्हणजे मी गावात नसताना चोरी झाली नाही?"

"न्हाई."

"मी असताना रोज व्हायची?"

"व्हय."

हौशीरामने श्वास रोखला. आता पडेल उजेड, आता पडेल!

"दाजी," सोपानराव म्हणाले, "गुन्हेगार माझ्याबरोबर ओतूरला आला होता. एसटीत होता तो! माझ्या मागावर!"

हौशीरामने कपाळाला हात लावला. घरात शिरले तर कुशाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. सोपानरावांनी एसटीतल्या माणसांची वर्णनं सुरू केली आणि म्हातारीचा धीर सुटला.

"आवो सोपानराव, फुरं करा आता! गायीचं शेवटाचं दूध सगळ्यात दाट असतं का न्हाई? ही तुमची बहीण बादली बाजूला ठिवती आन् शेवटच्या धारा तुमच्या तांब्यात पिळती. दोन येळंला तांब्या भरून. भावाला ताकद यावी म्हणून! दाट ते तुमच्या पोटात, पातळ ते डेअरीला. मग फॅट काय आभाळातनं पडल?"

द्रौपदा चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा पडला.

"तुला म्हाईत व्हतं?" हौशीरामने विचारलं.

"व्हतं," ती हळूच म्हणाली. "पर माहेरच्या माणसाच्या तोंडचा घास मोजायचा व्हय? म्हटलं, दादा बरा हुईल, जाईल, मग फॅट येईलच की वर."

"आन् लोक पाणी म्हणत व्हते ते?"

"म्हणूंद्या." पण तिचे डोळे भरून आले होते. लोकांचं म्हणणं तिला किती लागलं होतं ते आत्ता दिसलं.

सोपानरावांनी टॉर्च बंद केला. त्या दिवसांत तो पहिल्यांदाच बंद झाला. संध्याकाळी ते धारेच्या वेळी गोठ्याकडे फिरकले नाहीत. शनिवारी सकाळी मात्र द्रौपदाचा डबा स्वतः उचलून केंद्रावर गेले. हौशीराम घाबरत मागोमाग. रांग भरलेली होती.

"सोमाजीभाऊ," सोपानरावांनी आवाज चढवला, "गुन्हेगार सापडला. लिहून घ्या. ठेंगणा, पोट सुटलेलं, ऑपरेशनची खूण. मिशा भरदार. बोलायला लई, अक्कल बेताची."

बहिरू रांगेतून ओरडला, "पाव्हणं, हे तर तुमीच!"

"मग मी कुणाचं सांगतोय?" सोपानरावांची पिंपरीची भाषा गळून पडली. "माझ्या बहिणीनं पाण्याचा थेंब घातला न्हाई दुधात. दाट दाट मला पाजलं आन् बोलणी सोता खाल्ली. म्या सगळ्या गावात चोर शोधला, तांब्यात तेवढं बघितलं न्हाई. लेबल लावायचं तर मला लावा. कुणी पाणी म्हणालं असंल त्यानं आता माझ्याकडं बघून म्हणावं."

मागे खाकरणारा चपला बघत राहिला. सोमाजींनी मशीनचा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, आणि हौशीरामला या माणसाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

घरी येऊन सोपानरावांनी पिशवी भरली. द्रौपदाने ती रिकामी केली. "ताकद आल्याबिगर जायचं न्हाई. आता आदी समदं दूध बादलीत एक करीन आन् मग त्यातनं तुला दीन. झालं?" एवढी साधी गोष्ट होती.

संध्याकाळी तिने बादलीतून तांब्या भरून आणला. सोपानरावांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग त्यांनी डोळे बारीक केले आणि हौशीरामच्या कानाशी वाकले.

"दाजी, हे पहिल्यापेक्षा पातळ लागतंय. नक्की कुणीतरी…"

हौशीरामने टॉर्च उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.