लिंक बाय हँड

आमच्या वरच्या मजल्यावरचे साळवे काका कुणाला लिंक पाठवत नाहीत. ते लिंक घेऊन येतात.

म्हणजे इंटरनेटवर एखादी भारी साइट सापडली, की काका मोबाइल चार्जिंगवरून काढतात, शर्टाचं वरचं बटण लावतात, जिना उतरतात आणि आमची बेल वाजवतात. दार उघडलं की मोबाइल दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणतात, "अवलोकनार्थ!"

काका दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मूळचे नगरकडचे, पण अख्खी नोकरी दिल्लीतच झाली आणि निवृत्त झाल्यावर ते फरीदाबादला आमच्या गल्लीत राहायला आले. साहेबांनी नजरेखालून घालावी अशा फायलीवर जो शब्द लिहितात, तो त्यांच्या तोंडात कायमचा बसलाय. लिंक का पाठवत नाही, याचं उत्तरही मंत्रालयातूनच आलेलं आहे.

"डाकेनं गेलेली फाइल टेबलावर पडून राहते, बाई. जिचं काम व्हायला हवं ती आपण घेऊन जायची. साहेबांसमोर उभं राहायचं. बाय हँड! मग बघ कशी हलते ती."

म्हणून काका लिंकसुद्धा बाय हँड देतात.

बघणाऱ्यासाठी काही नियम आहेत. सुरुवातीला पार्श्वभूमी ऐकायची. ती संपेपर्यंत स्क्रीनला बोट लावायचं नाही. चष्मा सापडत नाही ही सबब चालत नाही, कारण काकांच्या खिशात स्वतःच्या चष्म्याशिवाय एक जास्तीचा असतो, खास समोरच्यासाठी. सगळं बघून झालं की ते विचारतात, "शंका?" शंका विचारल्याशिवाय फाइल बंद होत नाही. आणि हे सगळं "दोनच मिनिटं" असतं. त्या दोन मिनिटांत आईचा चहा होतो, पिऊन होतो, कधीकधी भाजीही चिरून होते.

माझे पप्पा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर काम करतात. ड्यूटीवरून थकून आलेले असतात. त्यांनी एक युक्ती काढली आहे. काकांनी "शंका?" म्हटलं की लगेच विचारायचं, "काका, हे फुकट आहे का?"

"संपूर्ण फुकट!" काका म्हणतात. आवाज असा, की जणू स्वतःच्या खिशातून सगळ्या जगाला वाटत आहेत.

एकदा त्यांनी एक नकाशा आणला. त्यात कुठलाही देश बोटानं उचलून दुसऱ्या देशावर ठेवता येतो आणि खरा लहानमोठा कोण ते कळतं. काकांनी भारत उचलून ग्रीनलँडवर ठेवला. "बघा, नकाशात ग्रीनलँड केवढं मोठं दिसतं, आणि प्रत्यक्षात आपणच मोठे!" पप्पा बराच वेळ बघत राहिले. मग काळजीनं म्हणाले, "काका, आता परत जागेवर ठेवा."

मला काका 'टेक्निकल ब्रँच' म्हणतात. खरं तर मी दिल्लीला मेट्रोनं जाऊन इतिहासात बी.ए. करते. पण आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मोबाइल अडकला, गॅसचं बुकिंग झालं नाही, टीव्हीवर रेघा आल्या, तर सगळे माझ्याकडे बघतात. मला येत असतंच असं नाही. मी मोबाइल बंद करून चालू करते. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं आणि माझी इज्जत राहते.

माझ्या आईला मात्र काकांची एक साइट मनापासून आवडली. तिच्यात पृथ्वीचा गोळा फिरत असतो आणि त्यावर हिरवे ठिपके असतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ लागतो. काकांनी आधी जपान लावला, मग ब्राझील. आई कणकेचे हात तसेच धरून उभी होती. काकांनी विचारलं, "तुमचं माहेर कुठलं, वहिनी?"

"परभणीकडचं."

काकांनी गोळा फिरवला, ठिपका शोधला आणि एकदम एक माणूस मराठीत कपाशीच्या बोंडअळीबद्दल बोलायला लागला. कोणतं औषध, किती पाण्यात, कधी फवारायचं. फरीदाबादच्या आमच्या दोन खोल्यांत कपाशीचं एक बोंडही नाही. पण आई शेवटपर्यंत हलली नाही. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "बोलनारा आमच्याच भागातला आहे बघा." इकडे इतकी वर्षं काढूनही तिचा 'न' त्या दिवशी परत परभणीचा झाला होता. त्या दिवशी काकांनी "शंका?" असं विचारलंच नाही.

गल्लीतल्या बाकीच्यांवरही काकांचा असाच लोभ आहे. उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली, तेव्हा आमच्या गल्लीच्या कमिटीची मीटिंग होती. काका तिथे आफ्रिकेतल्या वाळवंटातला एक पाणवठा घेऊन गेले. तिथे कॅमेरा लावलेला आहे आणि जनावरं पाणी प्यायला येताना चोवीस तास दिसतात. टँकरवाल्याला शिव्या द्यायला जमलेली माणसं गप्प बसून हत्ती बघायला लागली. शेवटी अरोरा आंटी म्हणाल्या, "भाईसाहब, हाथियों के यहाँ भी पानी आ गया. हमारा टैंकर कहाँ है?"

"मैडम, मैं सिर्फ अवलोकनार्थ लाया था," काका म्हणाले.

पण सगळ्यांना रोज इतका वेळ कुठला? काकांच्या चपलांचा आवाज आला की समोरचे शर्माजी स्कूटर पुसायला घेतात, म्हणजे हात ओले असतात. कुणी फोन कानाला लावतं. काका रागावत नाहीत. हात वाळेपर्यंत उभे राहतात.

कमिटीचे सेक्रेटरी अरोराजी माणूस चांगले. एका रविवारी त्यांच्याकडे लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले होते आणि त्याच वेळी काका एक ज्वालामुखी घेऊन पोचले. पाहुण्यांनी ज्वालामुखी बघितला, मुलीचे वडील तर फार रमले, बोलणी राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी अरोराजींनी काकांना जिन्यातच गाठलं. हात जोडून म्हणाले, "अंकलजी, आप इतनी तकलीफ क्यों करते हो? घुटनों का भी तो सोचो. ग्रुप में डाल दिया करो ना. सब लोग आराम से देख लेंगे."

त्यांनी हे खरंच प्रेमानं सांगितलं. पण सेक्रेटरी बोलले, म्हणजे काकांच्या दृष्टीनं तो आदेश झाला.

काका आमच्याकडे आले. "टेक्निकल ब्रँच, ग्रुपवर लिंक कशी टाकतात ते दाखव. वरून आदेश आलेत."

मी दाखवलं. तेव्हापासून गल्लीच्या ग्रुपवर रोज सकाळी काकांची लिंक यायला लागली. वर लिहिलेलं असे, 'महोदय/महोदया, अवलोकनार्थ.' खाली तीनचार नमस्कार यायचे, एखादा अंगठा, मग कुणीतरी गुलाबाच्या फुलावर गुड मॉर्निंग लिहून टाकायचं आणि काकांची लिंक वर सरकत नाहीशी व्हायची.

ते खाली येईनासे झाले. आईनं एकदा जिन्यात विचारलं तर म्हणाले, "ग्रुपवर टाकलंय ना, वहिनी. तेच परत दाखवायला कशाला येऊ? डुप्लिकेशन होतं."

मग वाळूचं झालं. कुणीतरी जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवरची वाळू गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले आहेत. एकेक कण रंगीत, काचेच्या मण्यासारखा, कुठे शंखाचा तुकडा, कुठे चांदणीच्या आकाराचा. मलाही ती साइट फार आवडली. काकांनी सोबत लिहिलं होतं, 'बदरपुर भी ऐसे ही देखनी चाहिए.' बदरपूर म्हणजे आमच्याकडे बांधकामाला लागते ती रेती. दुसऱ्या दिवशी ते दूध घेऊन येत होते आणि मी कॉलेजला निघाले होते. समोर शर्माजी स्कूटर पुसत होते.

काकांनी विचारलं, "शर्माजी, कल वाला देखा?"

"देखा ना अंकलजी! मज़ा आ गया. क्या वीडियो था! आवाज भी एकदम साफ."

काकांनी मान डोलावली. माझ्याबरोबर चार पावलं चालले आणि हळूच म्हणाले, "शर्माजींकडे वाळूला आवाज आला." हसले. मीही हसले. पण त्यानंतर ग्रुपवर काकांची लिंक आली नाही.

एक आठवडा गेला, दुसराही गेला. संध्याकाळी बेल वाजली की आई हात पुसत दाराशी जायची आणि कुरिअरवाला बघून परत यायची. "काका आजारी तर नाहीत ना? एकटा माणूस," ती म्हणाली. एकटा म्हणजे रूथकाकू आहेत, पण पुण्याला. लेकीला जुळी झाली तेव्हा काकू दोनचार महिन्यांसाठी म्हणून गेल्या. त्यानंतर दोन नाताळ होऊन गेले. दोन्ही नाताळांना त्यांच्या करंज्यांचा डबा तेवढा पार्सलनं आला. आईनं वाटीत शेंगदाण्याची चटणी भरली आणि मला वर पाठवलं.

काका आजारी नव्हते. खिडकीशी बसून मोबाइलवर बोट आपटत होते. "बरं झालं आलीस. हा फार हळू चाललाय. पण माझ्यावर खूश आहे हो! हे बघ, कोपऱ्यात हसतोय."

मी बघितलं. वरच्या कोपऱ्यात, जिथे उघड्या पानांचा आकडा दिसतो, तिथे आकडा नव्हताच. हसरा चेहरा होता. उघडी पानं शंभराच्या वर गेली की मोबाइल मोजणं सोडून देतो आणि तिथे तो चेहरा दाखवतो. हे मला माहीत होतं, त्यामुळे मी जरा आनंदानंच म्हणाले, "काका, तो खूश नाही, दमलाय. एवढं सगळं उघडं ठेवलंय तुम्ही. थांबा, मी सगळं बंद करून देते."

मी बोट पुढे नेलं. काकांनी स्क्रीनवर तळहात ठेवला.

"त्यांना हात लावू नको. त्या फायली पेंडिंग आहेत."

"कुणाकडे?"

"रूथकडे."

मग त्यांनीच एकेक पान सरकवत मला दाखवलं. विणकामाचे फार जुने नमुने. बोटानं वाजवता येणारा चर्चचा ऑर्गन. वेगवेगळ्या भाषांतल्या अंगाई. एका उंच झाडावरचं करकोच्याचं घरटं, ज्याच्यावर कॅमेरा लावला होता. घरटं रिकामं होतं.

"पिल्लं कधीच उडून गेली," काका म्हणाले. "पण पुढच्या मोसमात परत येतात. म्हणून ठेवलंय. ती आली की दाखवायचं."

मला हे सोपं वाटलं. मी म्हणाले, "काका, काकूंना लिंक पाठवून द्या ना. एका मिनिटात जाईल. मी पाठवू?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू म्हणत होते, टेक्निकल ब्रँचला एवढी साधी गोष्ट कळू नये?

"पाठवली की ती बघेल ग. 'छान आहे' असं कळवेलसुद्धा. पण तिला एखादी गोष्ट आवडली ना, की ती आधी खालचा ओठ दाताखाली धरते. मग हसते. ते 'छान आहे'मध्ये येत नाही."

"व्हिडिओ कॉल?"

"व्हिडिओ कॉलवर मला पुण्याचं छत दिसतं. फोन नातवंडांच्या हातात असतो." ते हसले. "छत चांगलं आहे. पंखा नवीन बसवलाय."

खाली गल्लीत भाजीवाल्याची गाडी थांबली होती. अरोरा आंटी भेंडीच्या भावावरून वाद घालत होत्या. काकांनी चटणीची वाटी उघडून बघितली, वास घेतला, झाकली. मला निघावं की बसावं ते समजेना. आमच्याकडे ते तासतासभर बसत तेव्हा मला वाटायचं, काकांना साइट आवडते म्हणून ते एवढा वेळ स्क्रीन धरून बसतात. पण ती तर त्यांनी वर आपल्या घरी आधीच बघितलेली असायची.

मी म्हणाले, "काका, ती वाळूची साइट मी उघडली होती. छान वाटली, पण नीट कळली नाही. पार्श्वभूमी नव्हती ना."

काकांनी वाटी खाली ठेवली.

"कळणारच नाही," ते म्हणाले. "मुळात वाळू म्हणजे काय, इथून सुरू केलं पाहिजे." त्यांनी दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मोबाइल आम्हा दोघांच्या मध्ये धरला. "ये. दोनच मिनिटं."

मी बसले. ते सांगत गेले. कुठल्याशा बेटावरच्या वाळूतल्या चांदण्या या खरं म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांची घरं आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी ओठावर ओठ ठेवून बघत होते, डोळे आपोआप मोठे झाले असतील. जरा वेळानं काकांचं बोलणं थांबलं. मी स्क्रीनकडेच बघत राहिले. काका कुठे बघत होते, ते मी वळून बघितलं नाही.