संध्याकाळचा ठेका

देवकुरण नगरपरिषद दर तीन वर्षांनी गावाला संध्याकाळ पुरवण्याची निविदा काढते. हा ठेका पहिल्यापासून मिसाळांकडे होता. लुगडी रंगवण्याचा धंदा बसला तेव्हा सरोज मिसाळच्या आजोबांनी तो घेतला, मग वडिलांनी चालवला, वडील गेल्यावर सरोजने. जकात नाक्यामागच्या शेडमध्ये दुपारभर संध्याकाळ तयार व्हायची. सहाला सरोज आणि तिचे चुलते तात्या ती हातगाडीवर घालून पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर न्यायचे आणि साडेसहाच्या ठोक्याला पूर्वेकडून गावावर उलगडायला घ्यायचे. चाळीस मिनिटांत गाव झाकलं जायचं. त्यापुढची रात्र सरकारकडून येते, तिचा निविदेशी संबंध नाही.

यंदा पहिल्यांदाच दुसरी निविदा आली, सायंप्रभा एंटरप्रायझेस नावाच्या कंपनीची. तांत्रिक लिफाफे उघडले त्याच दिवशी फलकावर यादी लागली. सायंप्रभा पात्र, मिसाळ अपात्र.

सरोज निविदा विभागात गेली. तिथले लिपिक अशफाक मुजावर तिला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी फाइल काढून तिच्यापुढे ठेवली.

"ताई, अनुभवाचा दाखला नाही."

"एकेचाळीस वर्षं आम्हीच करतोय, मुजावरभाऊ."

"ते सगळ्यांना माहीत आहे. पण काम जागेवर पाहिलेल्या अधिकाऱ्याची सही लागते, यंदा अट आलीय. कार्यालय सुटतं सव्वासहाला, तुमची संध्याकाळ येते साडेसहाला. एकाही अधिकाऱ्याने ती कामावर असताना पाहिलेली नाही."

"तुम्ही रोज ओट्यावर बसून बघता की."

"बघतो. चहा पीत बघतो. पण ते घरचं बघणं झालं, फायलीला चालत नाही."

"मग त्या कंपनीला कुणी दाखला दिला?"

"किनाऱ्याकडचं एक गाव आहे. तिथलं कार्यालय साडेसातपर्यंत चालतं."

मुजावरांनी एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "दहा दिवसांत अपील करता येतं," ते म्हणाले. "अक्षर चांगलं काढा."

अपील दाखल झालं तशी निविदेला स्थगिती मिळाली. स्थगिती दोन्ही निविदाकारांना लागू होती, त्यामुळे मार्चअखेर जुना ठेका संपला आणि एक एप्रिलपासून देवकुरणला संध्याकाळ आली नाही. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत लख्ख ऊन असायचं आणि अकराव्या मिनिटाला काळोख. मैदानावर खो-खो खेळणाऱ्या मुली होत्या तिथेच उभ्या राहायच्या आणि एकमेकींना हाका मारत घर शोधायच्या. म्हशी बांधावरून हलायच्या नाहीत. मोगरा उमललाच नाही, बाजारात बायका कळ्यांचेच गजरे विकू लागल्या. संध्याकाळी येतो म्हणून घरातून गेलेली माणसं परत आली नाहीत. त्यात त्यांचा दोष नव्हता.

शेडमध्ये मार्चअखेरचा माल तयार होता. संध्याकाळ चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, तिला वास यायला लागतो. पाचव्या दिवशी सरोजने आणि तात्यांनी ती मागच्या ओढ्यात ओतली. पुढचा आठवडाभर ओढ्यात भर दुपारी बेडूक ओरडत होते. तात्या दिवसभर हातगाडीला तेल देत बसायचे. "दुसरं काही करायला लागलं तर मला जमायचं नाही," एकदा ते म्हणाले. सरोजलाही तेच वाटत होतं.

सुनावणी सतरा तारखेला नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. अपील अधिकारी गणाचारी जिल्ह्याहून आले होते, बारीक अंगाचे आणि हळू बोलणारे. सायंप्रभाकडून मोहिरे नावाचे गृहस्थ हजर होते.

"बाई, तुमचं काम चांगलं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही," गणाचारी म्हणाले. "मी इथल्याच शाळेत शिकलो. पण अधिकारी म्हणून मी ते पाहिलेलं नाही."

"मग आज पाहा, साहेब. थोडा वेळ थांबा."

"सव्वासहानंतर थांबायला वरून मंजुरी लागते. ती यायला दोन महिने जातील."

सरोजने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. "मग इथेच करून दाखवते," ती म्हणाली. "साडेतीनला."

मोहिऱ्यांनी हरकत घेतली. साडेतीनला संध्याकाळ हा वेळापत्रकाचा भंग होता. गणाचाऱ्यांनी हरकत नोंदवून घेतली आणि प्रात्यक्षिक सभागृहापुरतं ठेवावं, खिडक्या लावून घ्याव्यात, असं सांगितलं.

तात्यांनी शेडमधून नमुना म्हणून आदल्या दिवशीच केलेली लहान संध्याकाळ आणली. सरोजने चप्पल काढून व्यासपीठाच्या कोपऱ्यातून ती उलगडायला सुरुवात केली. पहिला पदर थोडा वाकडा गेला. पुढचा नीट बसला. टेबलं जांभळी झाली. मागच्या रांगेतल्या दोन कारकुनांनी डबे पिशवीत भरले. कुणीतरी नकळत दिवा लावला. बांधकाम विभागाच्या पवारबाई शेजारणीला म्हणाल्या, "आईला फोन करायला हवा." मोहिरे खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

गणाचारी घड्याळ हातात धरून बघत होते. चाळीस मिनिटं झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, तो पुन्हा लावला आणि लिहायला घेतलं. लिहिताना ते एकदाच थांबले.

"कडेला तो पिवळा राहतो," त्यांनी विचारलं, "तो मुद्दाम ठेवता?"

"हो साहेब. आजोबा ठेवायचे."

"ठीक," म्हणून त्यांनी तेही लिहिलं.

निकाल चौथ्या दिवशी आला. मुजावरांनी तो सरोजला वाचून दाखवला. अपीलकर्त्या मिसाळ यांचं काम अधिकाऱ्याने कार्यालयीन वेळेत समक्ष पाहिलं असून ते समाधानकारक आहे, सबब त्या पात्र. मात्र त्यांचा सिद्ध झालेला अनुभव दुपारी साडेतीनचा आहे. यापुढेही कामावर देखरेख शक्य व्हावी म्हणून पुरवठ्याची वेळ साडेतीन ते चार दहा करण्यात येते. सायंप्रभा एंटरप्रायझेस यांचा अनुभव सायंकाळी सातचा असल्याने ते या वेळेसाठी अपात्र ठरतात.

"जिंकलात, ताई," मुजावर म्हणाले.

"पण चार दहानंतर?"

मुजावरांनी कागद उलटून पाहिला. "चार दहानंतर राहिलेली दुपार पुढे चालू होईल. रात्र आपल्या वेळेला येईल. मधे तुमचा माल काढून घ्यायचा, असं दिसतंय."

सोमवारी साडेतीनला सरोज आणि तात्या टेकडीवर उभे राहिले. ऊन अजून कडक होतं म्हणून तिने रंग थोडा दाट केला होता. खाली नगरपरिषदेच्या गच्चीवर दोन अधिकारी वही घेऊन उभे होते. गावावर संध्याकाळ पसरली. म्हशी घराकडे वळल्या, मोगरा उमलला, खो-खोच्या मुलींनी शाळेतल्या बाकांवरून दप्तरं उचलली. तीन आठवड्यांपूर्वी बाहेर पडलेली माणसं एकेक करून फाटकं उघडताना दिसली.

चार वाजून दहा मिनिटांनी गच्चीवरून हात हलला.

पसरलेली संध्याकाळ गोळा कशी करायची हे मिसाळांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. ओढून पाहिलं तर ती झाडांना अडकत होती. शेवटी सरोजने पूर्वेचं टोक धरलं, तात्या पश्चिमेचं धरायला वेशीपर्यंत चालत गेले, आणि नऊवारीची घडी घालताना घालतात तसे दोघं टोकं जुळवत एकमेकांकडे चालत आले. मधल्या गल्ल्यांत ऊन परत पडत गेलं.

टाकीपाशी दोघं समोरासमोर आले तेव्हा तात्यांना धाप लागली होती.

"ओली आहे अजून," ते म्हणाले.

"असू दे. शेडमध्ये वाळत घालू," सरोज म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातलं टोक घेतलं.